नियम शेतकरी पाळेल, सांगणार कोण?

२०१० च्या हंगामात युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले आणि परदेशी बंदरांवर कंटेनर अडकून पडले. नाशिक-सांगलीच्या बागांना हे संजीवक नवे नव्हते. वेलीची शेंडावाढ रोखण्यासाठी ‘सीसीसी’ या नावाने ते वर्षानुवर्षे वापरात होते. निर्यातीपूर्वीच्या तपासणीच्या यादीत मात्र त्याचे नाव नव्हते. प्रयोगशाळेचा अहवाल स्वच्छ, कागदपत्रे पूर्ण, बागायतदार सांगितले तसे वागलेला, आणि तरीही माल नाकारलेला. युरोपने घातलेली मर्यादा आणि आपल्या बागांतला वापर या दोन गोष्टी शेजारी ठेवून वेळेत सावध करणारे कोणी नव्हते. निर्यातदारांना मोठा फटका बसला आणि त्यांच्याकडे असलेले बागायतदारांचे पैसे अडकले.

त्या धक्क्यातून द्राक्षशेती सावरली, कारण सावरण्याची यंत्रणा तयार होती. कीटकनाशकांच्या अंशांवरून २००३ मध्येच युरोपात आक्षेप आले होते. त्यानंतर २००६ मध्ये अपेडा या केंद्राच्या निर्यात विकास प्राधिकरणाने ‘ग्रेपनेट’ ही नोंदणी व्यवस्था सुरू केली. निर्यातीसाठीची बाग कृषी विभागाकडे नोंदवली जाते आणि प्रत्येक प्लॉटला स्वतंत्र क्रमांक मिळतो. कोणते औषध चालते आणि काढणीच्या किती दिवस आधी त्याची फवारणी थांबवायची, याची यादी पुण्याजवळच्या मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र देते. प्रयोगशाळेचा माणूस बागेत येऊन नमुना घेतो. अंश मर्यादेबाहेर निघाले, तर तो प्लॉट युरोपच्या मालातून तिथेच बाजूला काढला जातो. पुढे सीसीसीचीही तपासणी होऊ लागली. या साऱ्या काळात नियम वाढतच गेले. तरीही लहान बागायतदार ते पाळून युरोपला माल पाठवतात, कारण कोणत्या टप्प्यावर कोणाला विचारायचे, हे इथे ठरलेले आहे.

आंब्याचा अनुभवही हेच सांगतो. भारतातून आलेल्या खेपांमध्ये फळमाशी आणि इतर किडी आढळल्याने युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून आंबा आणि चार भाज्यांची आयात बंद केली. ऐन हापूसच्या हंगामात कोकणावर हे संकट आले. मान्यताप्राप्त पॅकहाऊसमधली तपासणी आणि प्रक्रिया यांची घडी सरकारी यंत्रणेने नीट बसवल्यावर जानेवारी २०१५ मध्ये बंदी उठवण्याचा निर्णय झाला. देवगडच्या किंवा रत्नागिरीच्या बागायतदाराने एकट्याने बाष्प-उष्णता प्रक्रियेचे यंत्र उभारणे शक्यच नव्हते. ते काम राज्याच्या पणन मंडळासारख्या संस्थेनेच करायचे असते.

मग ही सोबत निर्यातदार बागायतदारापुरतीच का?

२०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात दीड कोटींहून अधिक वहिवाटदार आहेत आणि त्यांचे सरासरी क्षेत्र १.३४ हेक्टर आहे. त्यांतल्या बहुतेकांचा युरोपशी संबंध येत नाही. पण नियमांशी रोज येतो. वारसाची नोंद, फेरफार, शेतरस्ता, बांधावरचे झाड तोडायची परवानगी, ठिबकचे अनुदान अशा प्रत्येक कामाचे कार्यालय वेगळे, अर्ज वेगळा आणि त्रुटीही वेगळी. अवजारांच्या अनुदानाचेच पाहा. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर निवड झाल्यावर पूर्वसंमती मिळेपर्यंत अवजार घ्यायचे नसते. पेरणी तोंडावर आलेली असते, दुकानदार घाई करतो, शेतकरी उधारीवर रोटाव्हेटर घरी आणतो आणि बिलावरची तारीख पूर्वसंमतीच्या आधीची निघाल्याने अनुदान हातचे जाते. हा नियम चुकीचा म्हणता येणार नाही, कारण त्याने बनावट खरेदीला आळा बसतो. पण तो शेतकऱ्याला कळतो तो बहुधा अर्ज बाद झाल्यावर.

एकट्याने जमत नाही म्हणून शेतकऱ्यांनी एकत्र यावे, असे धोरण सरकारनेच आखले. २०२० मध्ये केंद्राने दहा हजार शेतकरी उत्पादक संस्थांची योजना आणली. दहा शेतकरी एकत्र येऊन उत्पादक कंपनी काढू शकतात, आणि महाराष्ट्रातल्या गावागावांत त्या निघाल्याही. पण कंपनी म्हटली की कंपनी कायदा आला. वार्षिक विवरणपत्र भरायला उशीर झाला, तर प्रत्येक अर्जामागे दिवसाला शंभर रुपये जादा शुल्क चढत जाते. सलग तीन वर्षे विवरणपत्रे भरली नाहीत, तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. सभासदांना खते, बियाणे आणि कीटकनाशके विकायची, तर तीन वेगवेगळे परवाने लागतात. डाळ मिल टाकली की अन्नसुरक्षेचा परवाना आणि जीएसटी आला. योजनेत सल्ल्यासाठी संस्था नेमलेल्या आहेत, पण त्यांची मुदत ठरलेली असते. ती संपते तेव्हा अनेक कंपन्यांना सनदी लेखापालाची फी भरण्याइतकीही उलाढाल साधलेली नसते. सोयाबीनचा भाव आणि गोदामाचे भाडे नीट जाणणारे संचालक विवरणपत्रापाशी येऊन अडतात.

मदतनीस कसा असावा, याचा नमुनाही सरकारकडेच आहे. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत (पीएमएफएमई) जिल्हा संसाधन व्यक्ती नेमल्या जातात. प्रकल्प अहवाल बनवणे, बँकेत पाठपुरावा करणे, उद्यम नोंदणी, जीएसटी आणि अन्नसुरक्षा परवाना मिळवून देणे हे त्यांचे काम. त्यांचे मानधन काम पार पडण्याशी जोडलेले आहे: अर्धे कर्जमंजुरीनंतर, उरलेले परवाने आणि प्रशिक्षण पूर्ण झाल्यावर. सांडगे-पापड करणाऱ्या बचत गटातल्या ताईंना यामुळे विचारायला हक्काचे माणूस मिळते. यातही एक धोका आहे. मानधन फक्त पूर्ण झालेल्या प्रकरणावर मिळत असेल, तर सोपी फाइल आधी उचलली जाते आणि ज्याच्या कागदांत गुंता आहे तो मागे राहतो. म्हणून ठरावीक पगार आणि त्यावर पूर्ण झालेल्या कामाचा मोबदला अशी जोड असायला हवी.

मदतनीस नेमण्यापेक्षा नियमच कमी करा, असे काही जण म्हणतील. जिथे शक्य आहे तिथे ते जरूर करावे. बांबू कायद्याच्या लेखी ‘झाड’ होता, तोवर स्वतःच्या शेतातला बांबू तोडून नेणेही परवानगीचे काम होते. २०१७ मध्ये भारतीय वन कायद्यातली व्याख्या बदलली आणि वनक्षेत्राबाहेरचा बांबू मोकळा झाला. असे आणखी नियम शोधून काढून टाकले पाहिजेत. पण द्राक्षातले विषारी अंश, बियाण्याची शुद्धता, पापडाच्या कारखान्यातली स्वच्छता यांचे नियम राहणारच, आणि राहायलाच हवेत. त्यांत ग्राहकाचे आरोग्य आहे आणि शेतकऱ्याची बाजारातली पतही.

दुसरे उत्तर पोर्टलचे दिले जाते. संगणकीकृत सातबारा, ई-पीक पाहणी, शेतकरी ओळखपत्र यांनी तलाठी कार्यालयातले हेलपाटे कमी केले, हे मान्य करायलाच हवे. पण पोर्टल अर्ज घेते आणि त्रुटी दाखवते. ती दूर कशी करायची, हे समोर बसून सांगत नाही. आधारवर नाव एक आणि सातबाऱ्यावर दुसरे, अशा साध्या प्रकरणातही शेतकरी शेवटी सेवा केंद्रातल्या मुलाच्या किंवा एजंटाच्या भरवशावर राहतो. गावातला कृषी सहायक जाणकार असतो, पण त्याच्याकडे अनेक गावे, पंचनामे आणि सर्वेक्षणे असतात. आंध्र प्रदेशाने २०२० पासून गावपातळीवर दहा हजारांहून अधिक शेतकरी सेवा केंद्रे उभारून तिथे कृषी सहायक बसवले. तेवढा पसारा महाराष्ट्राने लगेच मांडावा, असे नाही.

सुरुवात तालुक्यापासून करता येईल. प्रत्येक तालुका कृषी अधिकारी कार्यालयात एक परवाना सहायक असावा, ज्याचे नाव आणि फोन नंबर ग्रामपंचायतीच्या फलकावर असेल. महसूल, वन, अन्नसुरक्षा, सहकार अशा कोणत्याही खात्याचा अर्ज असला, तरी शेतकऱ्याने त्याच्याकडे यावे आणि पुढचा पाठपुरावा त्याने करावा. उत्पादक कंपन्यांसाठी जिल्ह्यात एक सामाईक सनदी लेखापाल नेमावा आणि पहिली काही वर्षे त्याची फी सरकारने द्यावी. कोणताही अर्ज नाकारताना कारण सोप्या मराठीत लिहावे आणि दुरुस्तीची संधी द्यावी. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ नुसार अधिसूचित सेवा मुदतीत देणे आणि नाकारल्यास लेखी कारण देणे बंधनकारक आहेच. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंडाची तरतूदही त्यात आहे. शेतीशी संबंधित सगळ्या परवानग्या या कायद्याखाली आणणे आणि कोणत्या तालुक्यात किती अर्ज कोणत्या कारणाने फेटाळले गेले, हे दर तीन महिन्यांनी जाहीर करणे, एवढे शासनाच्या हातात आहे.

या आकडेवारीचा मोठा उपयोग होईल. एकाच कारणाने शेकडो अर्ज फेटाळले जात असतील, तर दोष अर्जदारांचा नसून अर्जाच्या नमुन्याचा आहे, हे खात्याच्या लक्षात येईल आणि नमुना बदलता येईल. प्रत्येक महसूल विभागातला एक तालुका निवडून येत्या खरिपाच्या आधी हा प्रयोग सुरू करावा. त्यासाठी नवा कायदा लागणार नाही. अर्थसंकल्पात सहायकांच्या पगाराची तरतूद आणि कृषी, महसूल व सहकार खात्यांचा एक संयुक्त शासन निर्णय एवढ्यावर हे काम उभे राहू शकते.