गाडीची काच अडकली आणि ‘राइट टू रिपेअर’ समजला

जुलैमधला पाऊस आणि माझ्या नऊ वर्षं जुन्या गाडीची ड्रायव्हर साइडची काच खाली अडकलेली. बटण दाबलं तर काहीच नाही, साधा आवाजही नाही. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, “मोटर आणि रेग्युलेटरचा पूर्ण सेट बदलावा लागेल. ६,८०० रुपये.” दार उघडून कुणी बघितलंही नव्हतं!

मग मी घरीच बघायचं ठरवलं. पॉवर विंडोचं काम तसं सोपं असतं. बटण दाबलं की मोटरला १२ व्होल्ट मिळतात, मोटर फिरते आणि रेग्युलेटर काच वर-खाली करतो. त्यामुळे बिघाड साधारण आवाजावरून ओळखता येतो. मोटर फिरतेय पण काच हलत नाही, तर रेग्युलेटरची केबल तुटली असण्याची शक्यता जास्त. काच अडखळत, हळू चालतेय, तर आधी रबर चॅनेल साफ करून सिलिकॉन स्प्रे मारा. काच वर जाऊन परत खाली येत असेल, तर अँटी-पिंच सेटिंग बिघडलं असू शकतं. ते रीसेट कसं करायचं हे मॅन्युअलमध्ये असतं. आवाजच नाही, तर फ्यूज, बटण, वायर की मोटर हे तपासावं लागतं.

माझ्या बाकीच्या तिन्ही काचा चालू होत्या आणि माझ्या गाडीत चौघींना एकच फ्यूज आहे. म्हणजे फ्यूज ठीक. दाराचं पॅनल काढलं, मोटरच्या कनेक्टरला मल्टीमीटर लावला आणि बटण दाबलं. रीडिंग शून्य. मोटरपर्यंत करंट पोहोचतच नव्हता! बटण उघडलं, तर आत पावसाचं पाणी जाऊन कॉन्टॅक्ट काळे पडलेले. कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ केले आणि काच वर आली. खर्च २८० रुपये, शिवाय पॅनलच्या दोन क्लिपा तुटल्या त्या वेगळ्या.

आता मुद्द्याचं. सर्व्हिस सेंटरने मला फसवलंच असं मी म्हणणार नाही. पूर्ण सेट बदलणं त्यांच्यासाठी झटपट काम आहे. पण वायरिंगचा नकाशा आणि सुटे पार्ट फक्त कंपनीकडेच असतील, तर ग्राहकाला दुसरा पर्याय उरत नाही. फोनचंही तेच. चार्जिंग पोर्ट बिघडला की “बोर्ड बदला” ऐकलंय ना?

हा वाद आपल्याकडे जुना आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे पार्ट आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना मिळू द्या आणि बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असं त्या आदेशात होतं. कंपन्या कोर्टात गेल्या आणि प्रकरण लांबलं. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली. त्यात शेती अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टलही आलं. मे २०२५ मध्ये दुसऱ्या एका समितीने ‘रिपेअरेबिलिटी इंडेक्स’चा अहवाल दिला. वस्तू दुरुस्त करायला किती सोपी, याचे गुण खरेदीच्या वेळीच दिसावेत अशी ती कल्पना. पण सुरुवात स्मार्टफोन आणि टॅबलेटपासून. गाड्या त्यात नाहीत.

माझ्या मते खरी अडचण इथेच आहे. पोर्टलवर माहिती टाकणं कंपनीच्या इच्छेवर सोडलं, तर गिऱ्हाइकाच्या हातात काही येत नाही. पार्ट सुटा मिळेल की नाही आणि किंमत किती, हे सांगणं सक्तीचं हवं.

तोपर्यंत एवढं करा: एस्टिमेट लेखी मागा, नेमका कुठला भाग गेलाय आणि तो कसा तपासला हे विचारा, जुना पार्ट परत घ्या. घरी हात घालणार असाल तर कनेक्टर काढता-लावताना इग्निशन बंद ठेवा, काच टेपने वर घट्ट बांधा आणि रेग्युलेटरमध्ये बोट घालू नका. काही गाड्यांच्या दारात एअरबॅगचा सेन्सर असतो. तशी गाडी असेल तर सरळ ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडे जा. पण बिघाड कुठे आहे, ते आधी विचाराच.