उत्तराच्या आधीचं अर्धं पान

ऑगस्टच्या अखेरीस अमेरिकेतली विद्यापीठं सुरू होतात आणि पहिल्या वर्षाला फिजिक्स घेतलेल्या मुलांचा आठवडा एका वेळेला बांधला जातो: रात्री ११ वाजून ५९ मिनिटं. तोवर त्या आठवड्याचा ऑनलाइन गृहपाठ जमा व्हायला हवा. संकेतस्थळावर दहा-पंधरा गणितं असतात आणि प्रत्येकाखाली एक रिकामी चौकट. चौकटीत आकडा भरायचा, बटण दाबायचं. बरोबर असेल तर हिरवी खूण, चूक असेल तर लाल फुली. बहुतेक ठिकाणी चार-पाच प्रयत्न मिळतात. शेजारच्या मुलाला गणित तेच पण आकडे वेगळे येतात, त्यामुळे त्याचं उत्तर जसंच्या तसं उचलता येत नाही. इंजिनिअर, डॉक्टर, जीवशास्त्रज्ञ होऊ पाहणारी तिथली लाखो मुलं या चौकटींतून जातात. त्यांत तिथल्या मराठी घरांत वाढलेली मुलं असतात, आणि त्यांच्या शंका सोडवणारे टीचिंग असिस्टंट अनेकदा पुण्या-मुंबईहून पीएचडीला गेलेले असतात.

या गृहपाठाबद्दल मला एकच गोष्ट सांगायची आहे, आणि ती आपल्याकडच्या सायन्स-इंजिनिअरिंगच्या मुलांनाही तितकीच लागू आहे. यंत्र फक्त उत्तर तपासतं. फिजिक्स असतं ते उत्तराच्या आधी कागदावर लिहिलेल्या अर्ध्या पानात. ते पान लिहिलंच नसेल, तर सगळ्या हिरव्या खुणा मिळूनही हाती काही लागत नाही.

हे यंत्र आलं ते गरजेपोटी. अमेरिकेतल्या मोठ्या सरकारी विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या फिजिक्सच्या एकेका वर्गात दोन-तीनशे मुलं असतात. एवढ्या वह्या दर आठवड्याला तपासणार कोण? मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत १९९२ साली ‘कापा’ नावाची संगणकप्रणाली फिजिक्सच्या वर्गात वापरायला सुरुवात झाली. प्रत्येकाला वेगळे आकडे देण्याची पद्धत तिच्यातही होती. नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीत १९९७ च्या सुमारास ‘वेबअसाइन’ उभं राहिलं. एमआयटीत डेव्हिड प्रिचर्ड यांनी संगणकावरचा एक शिकवणारा सोबती तयार केला, तोच पुढे ‘मास्टरिंग फिजिक्स’ म्हणून जगभर गेला. हे प्रिचर्ड अतिशीत अणूंच्या संशोधनातले मोठे शास्त्रज्ञ. त्यांच्या हाताखाली पीएचडी केलेल्या एरिक कॉर्नेल यांना २००१ चं नोबेल मिळालं. असा माणूस पहिल्या वर्षाच्या गृहपाठात इतकं लक्ष घालतो, यावरून त्या गृहपाठाचं मोल कळावं.

यंत्राचा फायदाही खराच आहे. पूर्वी तपासलेली वही हातात पडेपर्यंत वर्ग दुसऱ्या धड्यावर गेलेला असे. आता चूक त्याच क्षणी कळते. नॉर्थ कॅरोलायना स्टेटमध्येच कागदावरचा, माणसानं तपासलेला गृहपाठ आणि वेबवरचा गृहपाठ यांची तुलना झाली. तिचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले: दोन्ही गटांच्या परीक्षेतल्या कामगिरीत उल्लेखनीय फरक आढळला नाही. तेव्हा सगळा दोष यंत्राच्या माथी मारण्यात अर्थ नाही. लाल फुली पाहिल्यावर मूल काय करतं, हा खरा प्रश्न आहे.

एक साधं गणित घेऊ. ३० अंशांच्या उतारावरून ४.५ किलोचा ठोकळा घसरतो आहे, घर्षणांक ०.२०, तर त्वरण किती? सत्राच्या सुरुवातीला हे गणित कुठल्या ना कुठल्या रूपात येतंच. समजा, एका मुलीनं घाईत घर्षणबल म्हणजे घर्षणांक गुणिले वजन, असं धरलं आणि चौकटीत २.९४ भरलं. लाल फुली आली. बरोबर उत्तर आहे ३.२०. फरक आठ टक्क्यांचा, आणि यंत्र साधारण एक-दोन टक्क्यांपर्यंतच सूट देतं.

आता तिच्यापुढे दोन वाटा आहेत. पहिली वाट सोपी: साइनच्या जागी कोसाइन घालून बघायचं. ६.५३ येतं. पुन्हा फुली. वजाच्या जागी अधिक करून बघायचं. ६.८६ येतं. पुन्हा फुली. चौथ्या-पाचव्या प्रयत्नाला नशिबानं हिरवी खूण मिळालीच, तर ती सुटकेचा निःश्वास टाकून पुढच्या गणिताकडे वळते. आपण कुठे चुकलो होतो, हे तिला कळलेलंच नसतं.

दुसरी वाट कागदावरून जाते. ठोकळा काढायचा. त्यावर तीन बाण: वजन सरळ खाली, घर्षण उताराच्या वरच्या बाजूला, आणि पृष्ठभागाचा रेटा उताराला काटकोनात. अक्ष उताराच्या कलानं मांडायचे, खाली घसरण्याची दिशा धन धरायची आणि तसं स्पष्ट लिहायचं. आकडे अजिबात घालायचे नाहीत, सगळं अक्षरांत चालवायचं. शेवटच्या ओळीला पोचलं की दोन्ही बाजूंचं वस्तुमान कटतं आणि ४.५ किलो हा आकडा इथे लागतच नाही, हे दिसतं. हा ठोकळा हलका असो की जड, त्याच त्वरणानं घसरणार. थेट कॅल्क्युलेटरवर आकडे मारत गेलेल्याला ही गोष्ट कधीच दिसत नाही.

आणि आता त्या लाल फुलीचा उपयोग. तिच्या चुकीच्या सूत्रात ३० च्या जागी ९० अंश घालून बघा. उतार म्हणजे आता उभी भिंत. सूत्र म्हणतं, भिंतीलगत पडणाऱ्या ठोकळ्यालाही घर्षण मागे ओढणार आणि त्याचं त्वरण गुरुत्वत्वरणापेक्षा कमी भरणार. पण तो ठोकळा भिंतीवर दाब देतच नाही, मग भिंत त्याला अडवणार कशाच्या जोरावर? इथे तिला चूक सापडते. घर्षण वजनावर थेट अवलंबून नसतं, पृष्ठभागाच्या रेट्यावर असतं, आणि तिरक्या उतारावर तो रेटा वजनापेक्षा कमी असतो: एमजी नव्हे, एमजी कोस थीटा. ही ओळ तिनं स्वतः शोधलेली आहे. ती परीक्षेत विसरणार नाही.

कॅल्क्युलेटर रेडियनवर राहिला, तर याच गणिताचं उत्तर उणे ९.९९ येतं. ज्यानं खालची दिशा धन असं लिहून ठेवलंय, तो लगेच थबकतो. नुसता सोडून दिलेला ठोकळा आपण होऊन उतार चढून जाईल कसा? त्याला यंत्राच्या फुलीची गरजच उरत नाही. आपलं उत्तर आपणच तपासता येणं, हे पहिल्या वर्षाच्या फिजिक्सनं मुलांना द्यायचं सगळ्यात मोठं देणं आहे.

कागदाची वाट टाळायचा आणखी एक मार्ग म्हणजे दुसऱ्याचं उत्तर उतरवणं. मुलं तसं का करतात, याचाही नीट अभ्यास झालेला आहे. प्रिचर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमआयटीतल्या ऑनलाइन गृहपाठाच्या नोंदी तपासून कुठली उत्तरं उतरवलेली आहेत हे शोधलं आणि २०१० साली ते प्रसिद्ध केलं. उतरवण्याचं प्रमाण सत्राबरोबर वाढत जात होतं, आणि दर आठवड्याला मुदत जवळ आली की पुन्हा चढत होतं. बहुसंख्य मुलं क्वचितच उतरवत. ती मुदतीआधीचे तीन दिवस थोडं थोडं काम करत. तीस टक्क्यांहून जास्त गणितं उतरवणारी मुलं सुरुवातीला जवळजवळ हातच लावत नसत. ज्यांनी अक्षरांत सोडवायची गणितं उतरवली होती, ती मुलं तशाच गणितांत परीक्षेत सत्रभर घसरत गेली. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं: आधीपासून गणित-फिजिक्स किती येत होतं, याचा उतरवण्याशी फारसा संबंध आढळला नाही. उतरवणारी मुलं कमी हुशार नव्हती. ती उशिरा बसत होती. अभ्यासक्रमाची रचना बदलल्यावर हे प्रमाण सुमारे ११ टक्क्यांवरून ३ टक्क्यांच्याही खाली आलं.

त्यानंतर उतरवणं आणखी सोपं झालं. २००५ साली सुरू झालेल्या ‘चेग’वर वर्गणी भरली की पुस्तकातल्या गणितांची सोडवलेली उत्तरं मिळू लागली. नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘चॅटजीपीटी’ आलं, आणि मे २०२३ मध्ये आपल्या वाढीला त्याचा फटका बसतोय असं चेगनं सांगताच तिचा शेअर एका दिवसात जवळजवळ निम्म्यावर आला. गृहपाठाची उत्तरं पुरवणं हा केवढा मोठा धंदा होता, हे त्या दिवशी जगाला कळलं. आता प्रश्नाचा फोटो काढला की उत्तर पायऱ्यांसकट येतं, आकडे वेगळे असले तरी येतं. प्रत्येकाला वेगळे आकडे देऊन बांधलेलं कुंपण आता उरलेलं नाही.

आपल्याकडे हे नवं नाही. इंजिनिअरिंगच्या सबमिशनच्या आठवड्यात होस्टेलवर एकाची फाइल दहा जण छापतात. ड्रॉइंगच्या शीटची काचेखाली दिवा लावून जीटी, म्हणजे ग्लास ट्रेसिंग, मारतात. टर्मवर्कवर सही मिळते आणि ओरलला बसल्यावर स्वतःच्याच फाइलमधला आलेख समजावता येत नाही. हल्ली त्यात एनपीटीईएलच्या ऑनलाइन कोर्सेसमधल्या साप्ताहिक असाइनमेंटची भर पडली आहे. १२ आठवड्यांच्या कोर्समध्ये उत्तम ८ असाइनमेंटची सरासरी २५ टक्के आणि केंद्रावर जाऊन दिलेली परीक्षा ७५ टक्के, अशी त्यांची विभागणी आहे, आणि ती शहाणपणाची आहे. तरीही दर आठवड्याची उत्तरं यूट्यूबवर हजर असतात, आणि मुलं ती क्लिक करून मोकळी होतात. मग परीक्षा केंद्रावर तीन तास समोर नुसते प्रश्न असतात.

म्हणून मुलांनो, एक जाड वही फक्त गृहपाठासाठी ठेवा. संकेतस्थळ उघडल्यावर आधी प्रश्न वहीत आकृतीसह उतरवून घ्या आणि लॅपटॉप मिटा. अक्षरांत सोडवा, एककं तपासा, कोन शून्य किंवा ९० केला तर काय होतं ते विचारा, आणि मगच आकडे घाला. मुदतीच्या तीन दिवस आधी सुरुवात करा. अडलेलं गणित रात्रभर डोक्यात राहू दिलं की सकाळी पुष्कळदा सुटतं, पण त्यासाठी हाताशी एक रात्र शिल्लक लागते. मित्राला विचारा, सरांना विचारा, एआयलाही विचारा. पण ‘माझी ही ओळ चुकली का?’ असं विचारा. त्यासाठी आधी स्वतःची ओळ लिहिलेली हवी. चित्र डोळ्यांपुढे येत नसेल तर ‘फेट’ वापरा. २००१ च्या त्याच नोबेलचे एक मानकरी कार्ल वीमन यांनी २००२ साली कोलोराडो विद्यापीठात सुरू केलेला हा प्रकल्प आहे. त्यातल्या हलत्या आकृत्या मोफत आहेत आणि अनेक मराठीतही आहेत.

प्राध्यापकांना विनंती आहे की ऑनलाइन गृहपाठाला गुण थोडेच ठेवा आणि त्याला सरावाचं साधन राहू द्या. ट्युटोरियलच्या बॅचमध्ये दर आठवड्याला त्याच गृहपाठातलं एक गणित निवडून दोन-तीन मुलांना वही घेऊन फळ्याशी बोलवा आणि ‘ही ओळ कशी आली?’ एवढंच विचारा. यासाठी नवीन सॉफ्टवेअर लागत नाही आणि निधीही लागत नाही. वीस मुलांच्या बॅचमध्ये दोन महिन्यांत प्रत्येकाची पाळी येते, आणि आपली पाळी येणार हे माहीत असलं की मुलं वही लिहायला लागतात.

आई-वडिलांनी ‘शंभर टक्के मिळाले का?’ हे विचारणं थोडे दिवस बाजूला ठेवावं. आठवड्यातून एकदा जेवायच्या वेळी ‘एक गणित समजावून सांग’ म्हणावं. आपल्याला फिजिक्स येत नसलं तरी चालतं. मूल समजावता समजावता अडलं की आपलं काय राहिलंय ते त्याचं त्यालाच कळतं, आणि परीक्षेच्या कितीतरी आधी कळतं. तेव्हा ते दुरुस्त करायला हाताशी वेळ असतो.