घरांतील राउटर आणि खेळांतील खोळंबा

रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशी एक म्हण आपल्या भाषेंत आहे. चाकणच्या पुष्कळ घरांत तिचा आजकाल रोज प्रत्यय येतो. संध्याकाळीं मुलगा कन्सोलवर फुटबॉलचा किंवा मोटारींच्या शर्यतीचा सामना खेळावयास बसतो. प्रतिस्पर्धी कोठें तरी दूर गांवीं असतो. ऐन मोक्याच्या क्षणीं पडद्यावरील खेळाडू गोठल्यासारखा उभा राहतो, आणि पुन्हां हलूं लागतो तों सामना हातचा गेलेला असतो. मग घरांत कुरकुर सुरू होते आणि तिचा शेवट ठराविक असतो: ‘बाबा, अधिक वेगाचा प्लॅन घ्या!’ कारखान्यांत रात्रपाळी करून आलेला बाप मुलाचा हिरमोड नको म्हणून तेंहि करतो. महिन्याचें बिल वाढतें. खोळंबा मात्र जेथल्या तेथें राहतो. आमचें मत असें आहे कीं, हा खर्च बहुधा व्यर्थ आहे; आणि तो टाळणें हें प्रथम त्या खेळणाऱ्या विद्यार्थ्याचें कर्तव्य आहे, बापाचें नव्हे.

वेग आणि विलंब या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पुणें-नाशिक महामार्ग व तळेगांव-शिक्रापूर रस्ता जेथें एकमेकांस छेदतात, त्या आपल्या तळेगांव चौकांत सायंकाळीं उभे राहून पाहावें. रस्ता किती रुंद आहे हा एक प्रश्न. पलीकडे पोंचावयास किती वेळ लागतो हा दुसरा. इंटरनेट पुरविणारी कंपनी जो ‘वेग’ विकते ती वस्तुतः रस्त्याची रुंदी होय. नवा खेळ उतरवून घ्यावयाचा तर ५० ते १०० गिगाबाइट माल आणावा लागतो; तेथें रुंदी कामास येते. परंतु प्रत्यक्ष खेळतांना कन्सोल जो मजकूर पाठवितो व घेतो, तो बहुधा सेकंदास १ मेगाबिटहूनहि कमी असतो. सायकलस्वारासाठीं आठपदरी रस्ता बांधून काय साधणार? त्यास हवी ती वाट मोकळी, आणि प्रत्येक वेळीं सारख्याच वेळांत कापतां येणारी. पडद्यावर सेकंदास ६० चित्रें उमटतात, म्हणजे एका चित्राच्या वांट्यास सुमारें १७ सहस्रांश सेकंद येतात. एवढ्या नाजूक हिशेबांत कधीं २० तर कधीं २०० सहस्रांश असा लहरी विलंब आला, म्हणजे खेळाचा विचका झालाच म्हणून समजावें.

मग दोष शोधावा कसा? त्यास दोन मापें पुरेत. घरच्या संगणकावरून अगर मोबाइलवरून प्रथम स्वतःच्या राउटरला ‘पिंग’ करून उत्तर येण्यास किती वेळ लागतो तें पाहावें; नंतर तीच परीक्षा बाहेरच्या एखाद्या संगणकाची घ्यावी. पहिलेंच माप वेडेंवांकडें असेल तर दोष घराच्या चार भिंतींआंत आहे. पहिलें स्वच्छ आणि दुसरें वाईट असेल, तर दोष बाहेरच्या तारेंत असेल किंवा राउटरपाशीं लागलेल्या रांगेंत असेल. घरांतील इतर सर्व साधनें क्षणभर बंद करून पाहिलें कीं त्याचाहि निवाडा होतो. हीं मापें वेळेसह चार दिवस वहींत टिपून ठेवावीं. अनुमानापेक्षां टांचण केव्हांहि श्रेष्ठ.

विलंबाचा कांहीं अंश मात्र कोणाच्याच हातीं नाहीं. काचतंतूंतून प्रकाश सेकंदास सुमारें २ लक्ष किलोमीटर धांवतो. मुंबईस जाऊन परत येण्यास त्यास दोन सहस्रांश सेकंदहि पुरे. परंतु खेळाचा सर्व्हर सिंगापुरास असेल तर येऊन-जाऊन सुमारें ८,००० किलोमीटर होतात, आणि ४० सहस्रांश तरी खर्ची पडतातच. म्हणून खेळाच्या सेटिंगमध्यें जवळचा सर्व्हर निवडण्याची सोय असेल तर ती प्रथम वापरावी. यास पैसा लागत नाहीं.

आतां घरांतील कारणें. पहिलें कारण वायफाय. मेदनकरवाडी, नाणेकरवाडी, खराबवाडी या भागांत भाड्याच्या खोल्या एकमेकींस चिकटून उभ्या आहेत. बहुतेक खोल्यांत राउटर. आणि ते सारे २.४ गिगाहर्ट्झच्या अरुंद पट्ट्यांत बोलणारे. या पट्ट्यांत एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ व ११. बाजारांत सर्वांनींच ओरडावयास प्रारंभ केला तर कोणाचें कोणास ऐकूं यावें? ५ गिगाहर्ट्झचा पट्टा प्रशस्त आहे, आणि भारतांत त्याचा मोठा भाग विनापरवाना वापरण्याची मोकळीक २०१८ सालीं मिळाली. परंतु काँक्रीटच्या भिंतीपुढें तो लवकर थकतो. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे कन्सोलपर्यंत साधी ईथरनेट केबल ओढणें. ती १०० मीटरपर्यंत निर्वेध चालते, आणि तिचा खर्च एकदांच करावा लागतो.

दुसरें कारण रांग. कोणी मोबाइलवरील छायाचित्रें वर चढवीत असला कीं राउटर तीं पुडकीं मोठ्या रांगेंत सांठवितो, आणि खेळाचें चिमुकलें पुडकें कांद्याच्या ट्रकांमागें रुग्णवाहिका अडकावी तसें अडकतें. या विकारावर कॅथलीन निकोल्स व व्हॅन जेकबसन यांनीं २०१२ सालीं ‘कोडेल’ नांवाची रीत प्रसिद्ध केली. रांगेंतील पुडक्यांचा खोळंबा मोजून ती रांग आटोक्यांत ठेवते. तिच्यावर आधारलेली सोय कांहीं राउटरांत मिळते. ती असल्यास चालू करावी, आणि राउटरची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर बांधावी. थोडा वेग सोडला म्हणजे पुष्कळ विलंब वांचतो.

तिसरें कारण दुहेरी दरवाजा. कंपनीच्या पेटीमागें आपला राउटर, किंवा घरमालकाच्या राउटरमागें भाडेकरूचा राउटर, अशी रचना झाली म्हणजे पत्त्यांचें भाषांतर दोनदां होतें, आणि कन्सोल ‘स्ट्रिक्ट’ अशी तक्रार दाखवितो. दोहोंपैकीं एक यंत्र ‘ब्रिज’ पद्धतीवर ठेवावें. मात्र दुसऱ्याच्या यंत्रास हात लावण्यापूर्वीं मालकाची परवानगी घ्यावी. इंटरनेटच्या जुन्या पद्धतींत पत्ते एकंदर सुमारें ४२९ कोटीच. त्यांचा मध्यवर्ती सांठा फेब्रुवारी २०११ मध्यें संपला. म्हणून कित्येक कंपन्या अनेक ग्राहकांस एकाच सार्वजनिक पत्त्यामागें बसवितात. तसें असेल तर घरीं कितीहि खटपट केली तरी व्यर्थ. कंपनीकडे स्वतंत्र पत्ता किंवा नव्या पद्धतीची, म्हणजे आयपीव्ही सिक्सची, जोडणी मागावी. पेटीवर तांबडा दिवा लुकलुकत असेल तर बहुधा बाहेरची काचतंतूची तार तुटली आहे. तेव्हां राउटर दहा वेळां बंद-चालू न करतां तक्रार नोंदवावी, आणि सोबत आपलें टांचण द्यावें. नुसत्या संतापापेक्षां आंकड्यांस उत्तर देणें कोणासहि भाग पडतें.

कोणी वडीलधारे विचारतील, ‘एका खेळासाठीं एवढा खटाटोप कशास?’ प्रश्न योग्य आहे. पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांस २०२५ च्या कायद्यानें बंदी घातली, आणि ती आम्हांस सर्वथा मान्य आहे. परंतु त्याच कायद्यानें ई-स्पोर्ट्सला क्रीडेचें स्थानहि दिलें आहे. २०१८ च्या जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेंत हे सामने प्रदर्शनार्थ झाले, तेव्हां तीर्थ मेहता या भारतीय खेळाडूनें कांस्यपदक मिळविलें होतें. शिवाय, ज्या विलंबानें मुलाचा सामना बिघडतो त्याच विलंबानें बहिणीची दूरची मुलाखत तुटते, आणि गांवाकडील आजीचा चेहरा पडद्यावर अर्धवट थिजतो. राउटर एकाचा नाहीं, घराचा आहे. म्हणूनच मोठीं डाउनलोडें रात्रीं लावावीं आणि बहिणीच्या तासाच्या वेळीं आपण उठावें. हा नियम कोणत्याहि यंत्राच्या सेटिंगपेक्षां अधिक गुणकारी आहे.

संग्रामदुर्ग आणि कांद्याचा बाजार यांसाठीं ओळखलें जाणारें आपलें गांव आज मोटारगाड्यांसाठींहि ओळखलें जातें. कारखान्यांच्या जगांत एक चांगली शिस्त आहे: यंत्र अडलें कीं ‘कां?’ हा प्रश्न एकामागून एक पांच वेळां विचारावयाचा, आणि मूळ कारण सांपडेपर्यंत नवा भाग मागवावयाचा नाहीं. ही शिस्त जपानच्या टोयोटा कारखान्यांतून जगभर पसरली. बाप जी शिस्त कामावर पाळतो ती मुलानें घरीं राउटरपुढें पाळावी, एवढीच आमची विनंती आहे. विद्यार्थिबंधूंनो आणि भगिनींनो, पुढील वेळीं खेळ अडला तर प्रथम वही काढा, मापें घ्या, तार तपासा. आणि मगच बाबांच्या खिशाकडे पाहा. बहुधा तशी वेळच येणार नाहीं.