पुढची तारीख

रक्तदाब आणि मधुमेह ठरल्या तारखेला न चुकता होणाऱ्या भेटीनेच आटोक्यात राहतात. ती भेट चुकली, तर विचारणारे कुणीतरी हवे.

राज्यातल्या कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात ‘बीपी-शुगर’च्या तपासणीच्या दिवशी तासभर बसून पाहावे. बाकावर साठी ओलांडलेल्या बायकांची संख्या मोठी. प्रत्येकीच्या हातात पिशवी, पिशवीत घड्या घालून मऊ पडलेला केसपेपर आणि अर्धवट संपलेली गोळ्यांची पाकिटे. परिचारिका दंडाला पट्टा बांधते, आकडा बघते आणि विचारते, ‘‘आजी, गोळी चालू आहे ना?’’ उत्तर बहुतेकदा ठरलेले. ‘‘संपली तशी बंदच केली बाई. बरं वाटत होतं.’’ केसपेपरवरची मागची नोंद तीन-चार महिन्यांपूर्वीची असते. मधल्या काळात आजींकडे कुणी चौकशी केलेली नसते आणि आजींचे काही दुखलेलेही नसते. दुखत नाही, हाच या आजारांचा मोठा दगा आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशन यांच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार देशात मधुमेहाचे रुग्ण दहा कोटींहून अधिक आहेत आणि प्रौढांपैकी ३५.५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आहे. मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, आपल्या शेजारच्या गोव्यात आढळले. म्हणजे ज्या घरात हे वर्तमानपत्र वाचले जात आहे, त्या घरात किंवा शेजारच्या घरात यांपैकी एखादा आजार असणारच. तरीही आपण आजारपण म्हणतो ते अंथरुणाला खिळण्याला. चालत्या-फिरत्या माणसाला आपण रुग्ण मानत नाही आणि तो स्वतःलाही मानत नाही.

शरीर मात्र हिशेब ठेवत असते. वाढलेला दाब वर्षानुवर्षे रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड आणि ताठर करतो. वाढलेली साखर मूत्रपिंडाच्या गाळण्या आणि डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक वाहिन्या खराब करते, तळपायाची संवेदना घालवते. मग एके दिवशी अर्धांगवायूचा झटका येतो किंवा पायाची जखम महिना झाला तरी भरत नाही. मूत्रपिंडे निकामी झाली, तर आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर वेळी चार-चार तास डायलिसिसच्या खुर्चीवर काढावे लागतात. त्या रुग्णाबरोबर घरातल्या आणखी एकाची कमाईही थांबते. हे सारे रोज घेण्याच्या एका-दोन साध्या, स्वस्त गोळ्यांनी बऱ्याच अंशी टळू शकते, हे वैद्यकशास्त्र कित्येक दशके सांगत आले आहे. औषध ठाऊक आहे. अडचण ते रोज, न चुकता, वर्षानुवर्षे पोटात जाण्याची आहे.

त्यावरचा मार्गही महाराष्ट्राला नवा नाही. ‘इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह’ हा उपक्रम २०१७ साली देशातल्या ज्या मोजक्या जिल्ह्यांत सुरू झाला, त्यांत सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे आपले चार जिल्हे होते. त्यातल्या कल्पना अगदी साध्या होत्या. उपचाराची सुरुवात कोणत्या गोळीने करायची आणि दाब उतरला नाही तर पुढे काय, हे आधीच ठरलेले. गोळ्यांचा साठा कायम. दाब मोजण्याचे आणि गोळ्या देण्याचे काम डॉक्टरपुरते न ठेवता परिचारिका, समुदाय आरोग्य अधिकारी आणि आशाताई यांच्यात वाटलेले. प्रत्येक रुग्णाचे कार्ड आणि तारखेला न आलेल्यांची यादी. २०२२ साली या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. या साऱ्यात सर्वात मोलाची गोष्ट कोणती, असे विचारले तर आम्ही त्या यादीकडे बोट दाखवू. जो आला त्याला तपासणे हे दवाखान्याचे काम झाले. जो आला नाही त्याला शोधणे, ही आरोग्यसेवा.

क्षयरोगाच्या बाबतीत ही गोष्ट आपण मान्य केलेली आहे. क्षयाच्या रुग्णाने उपचार सोडले, तर कर्मचारी त्याच्या घरी जातो. एआरटी केंद्रावर एचआयव्हीचा रुग्ण ठरल्या दिवशी आला नाही, तर त्याला फोन जातो. तिथे औषधात पडलेला खंड हा यंत्रणेच्या काळजीचा विषय असतो. बीपी आणि शुगरच्या रुग्णाला मात्र आपण ‘निष्काळजी’ म्हणून मोकळे होतो.

तो खरेच निष्काळजी असतो का? बीड आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतल्या ऊसतोड कामगारांकडे पाहा. दिवाळीच्या आसपास मुकादम टोळ्या घेऊन निघतो. पुढचे पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या फडात आणि कोपीत जातात. गावाकडच्या उपकेंद्रात नोंद झालेली चाळिशीची बाई पहाटे उसाला कोयता लावते आणि रात्री गाडी भरू लागते. खाडा केला तर पैसे कापले जातात. तिच्या गोळ्या संपल्यावर त्या मागायच्या कुणाकडे? कारखान्याच्या परिसरातल्या केंद्रात तिची नोंद नसते आणि गावाकडच्या वहीत ती ‘गैरहजर’ असते. तिने उपचार सोडले नाहीत. उपचार गावी राहिले आणि ती पोटामागे पुढे गेली.

गावात राहणाऱ्यांची अडचणही काही कमी नाही. पंधरा ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. निर्णय चांगलाच होता. पण औषधाच्या खिडकीवर ‘दहाच दिवसांच्या आहेत, पुन्हा या’ असे ऐकावे लागले, तर मोफत गोळीसाठी महिन्यातून तीन खेपा होतात आणि तीन दिवसांची मजुरी बुडते. ज्या राज्याच्या जनआरोग्य योजनेतून डायलिसिसचा आणि हृदयशस्त्रक्रियेचा खर्च भागवला जातो, त्या राज्यात रक्तदाबाच्या काही रुपयांच्या गोळीचा साठा एक दिवसही संपता कामा नये. पैशाच्या साध्या हिशेबानेही हेच शहाणपणाचे आहे.

घरातही एक खंड पडतो, तो बाईच्या वाट्याला अधिक. नवऱ्याला डॉक्टरांनी मीठ कमी सांगितले, की त्या दिवसापासून त्याची भाजी वेगळी होते. तिची स्वतःची तपासणी मात्र पेरणी, मुलीचे बाळंतपण, सणवार यांच्या मागे राहते. मधुमेह असताना नवरात्राचे नऊ दिवस उपवास आणि गोळ्या दोन्ही चालू असतात, किंवा गोळ्या परस्पर बंद होतात. दोन्ही धोक्याचे. उपवासाआधी डॉक्टरांशी दोन शब्द बोलावेत, हे तिला कुणी सांगितलेलेच नसते.

सरकारकडे आमच्या मागण्या चार आहेत. ज्यांचा आजार स्थिर आहे, त्यांना एका वेळी किमान दोन महिन्यांच्या गोळ्या द्याव्यात. गावाकडचे कार्ड राज्यातल्या कोणत्याही केंद्रात चालावे आणि गळीत हंगामात साखर कारखान्यांच्या परिसरात तपासणी व गोळ्यांची कायम सोय असावी. मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाची डोळे, लघवी आणि तळपाय यांची वर्षातून एकदा तपासणी व्हावी. पाय पाहायला दोन मिनिटे लागतात, तो कापावा लागला तर एक घर उघड्यावर येते. आणि जिल्ह्याचे काम मोजताना किती जणांची तपासणी झाली याबरोबर किती जणांचा दाब व साखर वर्षभर आटोक्यात राहिली, हेही विचारावे. शिबिरांचे फलक लावून पहिला आकडा वाढवता येतो. दुसऱ्यासाठी माणसे, औषधे आणि चिकाटी लागते. त्यासाठी रिक्त पदे भरावी लागतात आणि आशाताईंच्या हातात मोबदला वेळेवर पडावा लागतो.

खासगी डॉक्टरांचाही यात वाटा आहे. शहरांत बहुसंख्य रुग्ण त्यांच्याकडेच जातात. चिठ्ठीवर ‘एक महिन्याने’ असे लिहिणाऱ्या डॉक्टरने तो महिना उलटल्यावर एक फोन करवला, तर कित्येक झटके टळतील.

आणि वाचकहो, एक काम आजच करा. आई-वडिलांच्या, सासू-सासऱ्यांच्या औषधांचा डबा उघडा. उरलेल्या गोळ्या मोजा, केसपेपर काढा आणि त्यावरची पुढची तारीख बघा. ती उलटून गेली असेल, तर उद्या सकाळी त्यांना घेऊन दवाखान्यात जा.