दस्तरखानावर मुलांची जागा

दक्षिण कोरियात काही कॅफे आणि रेस्टॉरंटांच्या दारावर ‘नो किड्स झोन’ अशी पाटी असते. अम्मी-अब्बू सोबत असले तरी लहान मुलांना आत प्रवेश नाही. जेजू बेटावरच्या एका इटालियन रेस्टॉरंटने 13 वर्षांखालील मुलांना अशीच बंदी केली होती. मुलाला घेऊन आलेल्या एका कुटुंबाला दारातूनच परत जावे लागले. तक्रार तिथल्या राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे गेली. 2017 मध्ये आयोगाने हा भेदभाव ठरवला. सगळीच मुले त्रास देत नाहीत आणि त्रास देणारी फक्त मुलेच नसतात, असे आयोगाचे म्हणणे होते. पण आयोगाची शिफारस बंधनकारक नव्हती, त्यामुळे पाट्या राहिल्या.

मालकांची बाजूही ऐकली पाहिजे. कोरियन जेवणात टेबलावरच निखारे आणि उकळते रस्से असतात. धावणारे मूल भाजले तर भरपाईचा दावा मालकावर येतो. शिवाय निवांत जेवायला आलेल्या गिऱ्हाइकानेही पैसे मोजलेले असतात.

आपल्याकडे संविधानाच्या कलम 15 नुसार धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून कोणाही नागरिकाला उपाहारगृहात जाण्यापासून अडवता येत नाही. त्या यादीत वय नाही. तरीही आमच्या मते सरसकट बंदी चूक आहे. मुलाला अडवले की त्याच्या अम्मीलाही अडवल्यासारखेच होते. ज्या घरात मूल सांभाळायला दादी-नानी नाही, तिथे घरी कोण थांबणार, हे सांगायला नको.

दुसरे कारण आम्ही शाळेत रोज पाहतो. जूनमध्ये पहिलीची मुले पोषण आहाराच्या पंगतीत बसतात तेव्हा खिचडी ताटात कमी आणि जमिनीवर जास्त असते. दिवाळीपर्यंत तीच मुले आपले ताट आपण उचलून धुवायला नेतात. पंगतीबाहेर ठेवून हे शिकवता आले नसते. हजरत उमर बिन अबी सलमा (रजि.) लहानपणी पैगंबर (स.) यांच्यासोबत जेवताना ताटभर हात फिरवत. पैगंबरांनी (स.) त्यांना उठवले नाही. बिस्मिल्लाह म्हणावे, उजव्या हाताने खावे, आपल्या समोरचे खावे, हे त्याच ताटावर शिकवले.

मात्र शिकवण्याचे काम वेटरचे नाही, आपले आहे. ईदच्या दुसऱ्या दिवशी गजबजलेल्या हॉटेलात आपली मुले टेबलांमधून पळत असतील आणि आपण गप्पांत रंगलो असू, तर उद्या अशी पाटी इथेही लागेल आणि तिला टाळ्याही मिळतील. म्हणून निघण्यापूर्वी मुलांना दोन गोष्टी सांगून ठेवाव्यात. त्यांचे जेवण आधी मागवावे. मूल रडू लागले तर एकाने त्याला थोडा वेळ बाहेर न्यावे. मोबाइल द्यायचाच तर आवाज बंद करून. सांडलेला भात स्वतः गोळा करावा, मुलाकडूनही करवून घ्यावा.

मालकांनी पाटी जरूर लावावी. ‘आत धावू नये, मुलांकडे लक्ष ठेवावे’ असे तीवर लिहावे. सांगूनही ऐकत नसेल त्या कुटुंबाला बाहेर जायला सांगावे. तो नियम मोठ्याने भांडणाऱ्या मोठ्यांनाही लागू असावा. जे मूल अजून काही वावगे वागलेच नाही, त्याला केवळ वय पाहून दारातून परतवू नये.