वृद्धाश्रमातील सणांचे खेळ

गणेशोत्सव जवळ आला की वृद्धाश्रमांच्या कार्यालयांकडे तारखा मागणाऱ्यांची रीघ लागते. मंडळे, महाविद्यालये, कंपन्यांचे कर्मचारी, वाढदिवस साजरे करणारी कुटुंबे, साऱ्यांनाच एक दुपार हवी असते. फळे वाटली जातात, ध्वनिक्षेपकावर जुनी चित्रपटगीते लागतात, संगीत खुर्ची किंवा लिंबू-चमचा होतो, छायाचित्रे निघतात आणि चारच्या सुमारास सभागृह रिकामे होते. दिवाळीपर्यंत हा ओघ चालू राहतो, मग आटतो. पाहुण्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु ज्यांच्यासाठी खेळ मांडला त्यांना काय खेळावेसे वाटते, हे कोणी विचारले होते काय, असा प्रश्न मात्र करावाच लागतो.

प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. तो तसा नाही. २०११च्या जनगणनेनुसार देशात साठीपुढील माणसे १० कोटी ३८ लाख होती. आज ती संख्या बरीच पुढे गेली आहे. २००७मध्ये संसदेने आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा व कल्याणाचा कायदा केला. त्याच्या १९व्या कलमात प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, आणि किमान १५० निर्धन वृद्धांना पुरेल असा, आश्रम राज्य शासनाने उभारण्याची तरतूद आहे. कायद्याची भाषा अर्थात ‘उभारील’ अशी नसून ‘उभारू शकेल’ अशी आहे, आणि एका क्रियापदाच्या आडोशाने शासनाला किती निवांत बसता येते हे जाणकारांना सांगावयास नको. परंतु त्याच कलमात वैद्यकीय सेवेच्या जोडीने रहिवाशांच्या मनोरंजनाच्या साधनांचाही उल्लेख आहे. म्हणजे खेळ ही पाहुण्यांनी द्यावयाची भिक्षा नव्हे. औषध आणि अन्न यांच्या पंक्तीत तिला कायद्याने बसविले आहे.

आता खेळांकडे वळू. संगीत खुर्ची हा वृद्धाश्रमात घेण्याजोगा खेळ नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. गाणे थांबताच मागे न पाहता झटकन बसावयाचे, आणि खुर्ची तर गुळगुळीत फरशीवर सरकणारी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या अंदाजानुसार जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे मरतात, आणि त्यांत साठीपुढील माणसे सर्वाधिक असतात. सत्तरीत खुब्याचे हाड मोडले की ते माणूस पुन्हा पूर्वीसारखे चालेल याची शाश्वती उरत नाही. लिंबू-चमच्याचा दोष वेगळा. त्यात नजर लिंबावर खिळते आणि पायाखालचे दिसत नाही. शिवाय संगीत खुर्चीची मूळ कल्पनाच पाहा. प्रत्येक फेरीला एक जागा मुद्दाम कमी करावयाची आणि एका माणसाला बाहेर काढावयाचे! घरातली जागा अपुरी पडली म्हणून जे येथे आले, त्यांच्यापुढेच हा कृत्रिम टंचाईचा खेळ मांडावा, यात औचित्य कोणते?

धोका खेळात असतो त्याहून अधिक सणाच्या सजावटीत असतो. फरशीवर सांडलेली रांगोळी काठीच्या टोकाखाली घसरते. रोषणाईच्या माळांच्या वायरी वाटेत आडव्या येतात, पणतीचे तेल ओघळते, चुरगळलेली फुले पायांखाली येतात. रांगोळी पाटावर किंवा टेबलावर काढली तर ती अधिक नीट दिसते आणि बसल्या जागी रेखाटताही येते. रक्तदाबाची औषधे घेणाऱ्या माणसाला टाळ्यांच्या गजरात हात धरून एकदम उभे केले तर भोवळ येण्याचा संभव असतो. आधी बसते करावे, मिनिटभर थांबावे, मग उठवावे. लघवी वाढविणाऱ्या गोळ्या सकाळी घेतलेली व्यक्ती दोन तास एका जागी बसू शकत नाही. स्वच्छतागृह जवळ नसेल तर ती कार्यक्रमालाच येत नाही, आणि मग ‘त्यांना उत्साहच नाही’ असा शेरा मारला जातो. कडक तिळगूळ किंवा शेंगदाण्याची चिक्की दात नसलेल्याच्या घशात अडकू शकते. मधुमेह्याला मोदक साफ नाकारण्यापेक्षा परिचारिकेला विचारून लहानसा मोदक जेवणाच्या हिशेबात धरणे शहाणपणाचे. ध्वनिक्षेपकाने तर ज्यांना कमी ऐकू येते त्यांना आणखी कमी ऐकू येते, कारण गोंगाटात शब्द वेगळे काढणे हीच त्यांची खरी अडचण असते. ज्यांची स्मृती ढळली आहे त्यांपैकी अनेकांना संध्याकाळ उतरू लागली की अस्वस्थता घेरते. त्यांच्यासाठी सकाळी न्याहारीनंतरची वेळ बरी.

एवढे वाचून एखादा व्यवस्थापक खेळच बंद करील, ही भीती अनाठायी नाही. ‘आजी, तुम्ही बसून राहा’ हे वाक्य अनेक आश्रमांत दिवसातून पन्नास वेळा ऐकू येत असेल. बसून राहिल्याने पायांतले बळ जाते, बळ गेले की तोल जातो, आणि ज्या पडण्याच्या भयाने बसविले ते पडणेच जवळ येते. सुरक्षिततेच्या नावाखाली माणसाला सामानासारखे कोपऱ्यात ठेवणे ही सोय व्यवस्थेची असते, वृद्धांची नव्हे.

वास्तविक आपल्या सणांच्या परंपरेत बसून खेळता येण्याजोगे विपुल आहे. भोंडला घ्या. मधे पाटावर हत्ती असतोच. भोवती उभे राहून फेर धरण्याऐवजी हात टेकायला बाजू असलेल्या भक्कम खुर्च्या मांडल्या, ज्यांना झेपेल त्यांनी खुर्चीच्या पाठीला धरून पावले टाकली, बाकीच्यांनी टाळ्यांचा ठेका धरला, तर भोंडल्याचे काही बिघडत नाही. गाणी तर त्यांनाच येतात. पाहुण्या मुलींना येत नाहीत. नावे विसरलेल्या बाईला लहानपणीचे गाणे मात्र ओळीमागून ओळ आठवते, हे पुष्कळांच्या अनुभवाचे आहे. आणि खिरापत ओळखणे हा तर निव्वळ बुद्धीचा व नाकाचा खेळ. विदर्भ-खानदेशातील बायकांना भोंडल्याऐवजी भुलाबाई आठवेल. तीही येऊ द्यावी. दोघींच्या गाण्यांत वाद होईल, तो तर अधिकच चांगला. चौकाबारा मोठ्या कापडावर ठळक रंगांत आखून टेबलावर पसरावा, कवड्या हातात धरवत नसतील तर वाटीत हलवून टाकाव्यात. मोठ्या आकड्यांचे पत्ते मिळतात. पुरुष मंडळी बहुधा वर्तमानपत्राच्या आड दडतात. त्यांना गाण्याला बोलावू नये, कॅरमच्या स्पर्धेचे पंच करावे. कॅरमला धर्म नाही, त्यामुळे ज्या रहिवाशाचा सण ईद किंवा नाताळ आहे त्यालाही परक्या घरी आल्यासारखे वाटत नाही.

परंतु या साऱ्यांहून अवघड अडथळा फरशीचा नाही, रूढीचा आहे. स्त्रिया बहुधा पतीहून वयाने लहान असतात आणि अधिक जगतात. वृद्धाश्रमातील स्त्रियांत विधवांची संख्या मोठी असणार हे समजायला पाहणीची गरज नाही. तरीही पाहुण्या महिला मंडळांचा आवडता कार्यक्रम हळदीकुंकवाचा किंवा मंगळागौरीचा असतो. मग सभागृहाच्या पुढच्या ओळीत चार-दोन सुवासिनी आणि मागे भिंतीला टेकून बाकीच्या, असे दृश्य तयार होते. झिम्मा-फुगडी आयुष्यभर मनात असलेली बाई फक्त पाहत राहते. मे २०२२मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांविषयीच्या अपमानकारक प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींपुढे तो उदाहरण म्हणून ठेवला. एका खेड्याला जे सुचले ते शहरातील सुशिक्षित मंडळांना सुचू नये, ही खेदाची गोष्ट आहे. आश्रमातील प्रत्येक सणाचे आमंत्रण प्रत्येक रहिवाशाला असले पाहिजे, आणि ज्या विधीला हे मान्य नसेल तो विधी पाहुण्यांनी आपल्या घरी करावा.

येथे एक सावधगिरी हवी. सत्तर वर्षे मागे उभे राहण्याची सवय लावलेली बाई पहिल्या आमंत्रणाला पुढे येणार नाही. तिला ओढून आणून, कपाळाला कुंकू लावून, तिचे छायाचित्र काढणे ही सुधारणा नव्हे. तो तिचा दुसरा अपमान होय. ती नाही म्हणाली तर तिचे नाही ऐकावे, आणि पुढच्या वेळी पुन्हा विचारावे.

आणखी एक वर्ग या चित्रात असतो, पण छायाचित्रात येत नाही. पाहुणे गेल्यावर सभागृह झाडणारी, खुर्च्या उचलणारी, दमलेल्या वृद्धांना अंथरुणाशी नेणारी सेविका त्या दिवशी स्वतःच्या घरचा सण सोडून आलेली असते. अल्प पगारावर, बहुधा कंत्राटावर काम करणाऱ्या या बायकांचे म्हातारपण कोठे जाणार? राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात गरीब वृद्धांसाठी केंद्राचा वाटा २००७मध्ये दरमहा २०० रुपये होता. महागाई कितीतरी पटींनी वाढूनही साठ ते एकोणऐंशी वर्षांच्या वृद्धांसाठी तो आकडा हललेला नाही. राज्य आपली भर घालते हे खरे, परंतु एवढ्यावर कोणाचे म्हातारपण निभावत नाही. ज्या आश्रमात आज ती दुसऱ्याला भोंडल्यासाठी खुर्चीवर बसविते, तेथे उद्या तिला स्वतःला प्रवेश परवडणार नाही.

तेव्हा कार्यकर्त्यांनी या वर्षी आश्रमात जाताना दोन आठवडे आधी एकदा रिकाम्या हाताने जावे, रहिवाशांना विचारून खेळ ठरवावेत आणि काही रहिवाशांकडेच त्यांची सूत्रे सोपवावीत. चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाजवळ एक माणूस नेमावा. दीड तासाच्या पुढे कार्यक्रम लांबवू नये. भाषण तर नकोच. जिल्ह्यात १९व्या कलमाखालील आश्रम उभा आहे की नाही, याची विचारणा समाजकल्याण कार्यालयात लेखी करावी. खेळ संपल्यावर सभागृह कार्यकर्त्यांनीच झाडावे. आणि आश्रमाच्या विश्वस्तांशी बोलताना देणगीच्या पावतीपूर्वी एक गोष्ट विचारून घ्यावी: सणाच्या दिवशी कामावर असलेल्या सेविकांना दुसऱ्या दिवशी भरपगारी सुटी मिळते काय?