माधव, मीड आणि शरदाचे भाषांतर

गेल्या आश्विनात एका विद्यार्थ्याने आमच्यासमोर एक परदेशी पाककृती ठेवली. एक भाग मध, तीन भाग पाणी, थोडे यीस्ट. त्यात दालचिनी, लवंग, जायफळ आणि संत्र्याची साल. महिना-दीड महिना आंबू द्यायचे, मग गाळून आणखी काही महिने मुरवायचे. पेयाचे नाव मीड. पाश्चात्त्य घरांत शरदाचे मसाले घालून ते करतात, असे त्यात म्हटले होते. प्रश्न त्याने साधाच विचारला : याला मराठीत काय म्हणायचे?

आम्हाला पहिला अडथळा पेयाच्या नावात नव्हे, ऋतूच्या नावात जाणवला. युरोपातला शरद म्हणजे पानगळ आणि थंडीची चाहूल. म्हणून लवंग-दालचिनीची ऊब. कोल्हापूरचा शरद म्हणजे पाऊस सरल्यावर रंकाळ्यावर तापणारे ऊन. आपल्या शरदातही वेलदोडा-जायफळ आहेच, पण ते कोजागरीच्या दुधात, चांदण्याखाली. वाग्भटाने 'अष्टांगहृदया'तल्या ऋतुचर्येत शरदात तीक्ष्ण मद्य वर्ज्य सांगितले आहे. गुळाचे मद्य हेमंतात चालते. तेव्हा ही पाककृती शब्दशः उतरवणे म्हणजे वाईट भाषांतर करणे होय : शब्द सारे बरोबर, अर्थ मात्र दुसऱ्याच हवेतला.

गंमत अशी, की त्याच ऋतुचर्येत मीडचे नाव सापडते. वसंतात घेण्याजोग्या मद्यांच्या यादीत आसव, अरिष्ट, सीधू, मार्द्वीक यांच्याबरोबर 'माधव' येते. टीकाकारांनी त्याचा अर्थ मधापासून केलेले मद्य असा दिला आहे. ते आंब्याच्या रसाने सुवासिक करून घ्यावे, असेही सांगितले आहे. मधु आणि माधव ही चैत्र-वैशाखांची जुनी नावे आहेत, हे लक्षात घेतले की पेय, महिना आणि फुलोरा एकाच धातूच्या ओलीत उभे दिसतात.

हे केवळ कोशातले सौंदर्य नव्हे. भुदरगड तालुक्यातले पाटगाव आज 'मधाचे गाव' म्हणून ओळखले जाते. त्याआधी २०२२ मध्ये महाबळेश्वराजवळच्या मांघरला हा मान मिळाला होता. सह्याद्रीतला जांभूळ-हिरड्याचा मध निघतो तो उन्हाळ्यात, पाऊस येण्याआधी. म्हणजे आपल्या मधाचा हंगामही जवळजवळ वैशाखाचाच. एका वैशाखातला मध पुढल्या चैत्रात माधव होऊन यावा, इतके ते वेळापत्रक जुळते. पुण्याची मूनशाईन आणि नाशिकची सेराना या परवानाधारक उद्योगांनी मधाचे मद्य बाजारात आणले. त्यातले दुसरे नाव तर आपल्या सातेरी माशीच्या शास्त्रीय नावातले आहे. बाटलीवर लॅटिनला जागा मिळाली, 'माधव' मात्र बाहेरच राहिला.

का राहिला? आमच्या मते, मराठी मध्यमवर्गाने मद्याविषयी एकच शब्द आणि एकच कथा जवळ ठेवली. शब्द दारू, कथा १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या 'एकच प्याला'ची. ती कथा खोटी नाही. गावोगावच्या बायांनी मतदानात बाटली आडवी केली, ती संसार उद्ध्वस्त होताना पाहूनच. त्यांच्यापुढे माधवाचे गोडवे गाणे आम्हाला शोभणार नाही. शिवाय परवान्यावाचून घरी मद्य करणे हा महाराष्ट्र दारूबंदी कायद्यानुसार गुन्हा आहे. त्या विद्यार्थ्याला आम्ही तेच सांगितले आणि बरणी रिकामीच राहिली. कौटिल्याने कुटुंबवत्सल गृहस्थाला कार्यप्रसंगी पांढरी सुरा आणि औषधासाठी अरिष्ट घरी करू दिले होते, पण तो दाखला कायद्यापुढे चालत नाही. चालावा असा आमचा आग्रहही नाही.

आमचा आग्रह वाचनापुरता आहे. दारू नको म्हणताना आपण आंबवण्याची सारी भाषाच टाकून दिली. आसव आणि अरिष्ट हे शब्द आज आयुर्वेदिक औषधाच्या बाटलीवरच जगतात. याचा दंड वर्गात भरावा लागतो. उत्तरमेघातले यक्ष कल्पवृक्षापासून झालेला 'मधु' प्राशन करतात, तेव्हा आपण भाबडेपणाने 'मध' असे सांगून पुढे जातो आणि रसिक यक्षांची अलका एकदम पथ्याची होते. अर्थशास्त्रात तर 'मधु' हे द्राक्षाच्या मद्याचे नाव आहे. तिथे मधाचा संबंधच नाही.

याहून जवळचे उदाहरण खुद्द कोल्हापूरचे. शारदीय नवरात्रात अंबाबाईच्या या नगरीत घरोघर सप्तशतीचे पाठ होतात. तिसऱ्या अध्यायात महिषासुराच्या वधापूर्वी देवी पान करते, तिचे डोळे आरक्त होतात आणि आपण 'मधु' पीत आहोत तोवर गर्जून घे, असे ती त्याला बजावते. इथे नुसता मध समजला तर ते आरक्त डोळे कुठे ठेवायचे? भक्तीला या अर्थाने धक्का बसत नाही. पाठ करणाऱ्या आजीला तो बहुधा ठाऊक असतो. अडखळतो तो आपण, शिकलेले.

शब्दाचा खरा अर्थ सांगणे म्हणजे त्या वस्तूची शिफारस करणे नव्हे, एवढा विवेक साहित्याच्या वर्गात तरी असावा. मीडला मराठीत काय म्हणायचे, या प्रश्नाचे उत्तर आम्ही त्या विद्यार्थ्याला दिले : माधव. तो म्हणाला, हे तर माझ्या आजोबांचे नाव. आजोबांच्या नावात मध, वसंत, विष्णू आणि मद्य असे सगळे एकत्र नांदते, हे त्याला त्या दिवशी प्रथमच कळले.